गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आणि तिघंही वर येतायत: औषध घालू का?

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुकभूल द्यावी घ्यावी. घरी दोन फुटी टाकी आहे, त्यात तीन ओरांडा गोल्डफिश. इतके दिवस ठणठणीत होते. काल संध्याकाळपासून तिघंही पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. दाणे टाकले तर ढुंकून बघत नाहीत. लेकाने जवळून पाहिलं तर केशरी माशावर बारीक पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला व्हाइट स्पॉट आहे, निळं औषध देतो, दुप्पट घाला म्हणजे लवकर उतरेल. बाटली आणलीय, पण तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे ते. घालू की नको? लेकाची परीक्षा चालू आहे आणि तो अभ्यास सोडून टाकीपाशी बसलाय.

निवांत
व्हाइट स्पॉटच आहे. हीटर ३० वर लावा, मीठ घाला, आठवड्यात साफ. आमच्या गप्पींना असंच केलं होतं.

कोथरूडकर_अ
निवांत यांना अनुमोदन. पण दुप्पट औषध अजिबात नको.

तळ्यातला
मृण्मयीताई, बाटली उघडू नका आणि हीटरही लावू नका. आधी थोडी माहिती द्या.

१. टाकी शेवटची कधी साफ झाली आणि कोणी केली? फिल्टरचा स्पंज कुठल्या पाण्यात धुतला?
२. तिघं एकाच वेळी वर यायला लागले की एकामागून एक?
३. ठिपके नेमके कुठे आहेत? अंगभर, शेपटीवर, की एकाच जागी?
४. मासे दगडांवर अंग घासतात का?
५. अमोनिया तपासलाय का?

तीन मासे एकाच संध्याकाळी आजारी पडतात तेव्हा मी रोगाआधी पाण्यावर संशय घेतो. रोग बहुतेक वेळा एका माशापासून सुरू होतो, दुसऱ्याला लागतो, तिसरा कदाचित वाचतोही. पाणी बिघडलं की सगळ्यांना एकदम त्रास होतो.

आणि निवांत, ३० डिग्रीचा सल्ला गप्पींसाठी ठीक होता. इथे मासे आधीच हवेसाठी वर येतायत. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. आत्ता तापमान वाढवलं तर ठिपके जायच्या आधी मासे जातील.

विदर्भकन्या
तापमानाबद्दल तळ्यातला यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या नागपुरात मे महिन्यात टाकीचं पाणी हीटरशिवाय ३४ला जातं. दुपारी सगळे मासे वर. मी टाकीचं झाकण काढून वरून छोटा पंखा मारते, त्याने पाणी दोन-तीन डिग्री सहज उतरतं. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, गोठवलेली बाटली तरंगत ठेवावी, तीही थोडा वेळच. पाणी झपाट्याने थंड झालं की त्याचाच माशांना ताण होतो.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे आभार. उत्तरं देते.
टाकी परवा साफ झाली. दर महिन्याला एक माणूस येतो. त्याने मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतून दिलं, खडे आणि स्पंज नळाखाली खळाखळा धुतले, काच चकाचक केली आणि नळाचंच पाणी भरलं. क्लोरीनचं औषध घातलं का ते मला माहीत नाही, मी ऑफिसात होते. पूर्वी तो अर्धंच पाणी बदलायचा, या वेळी टाकी फार हिरवी झाली होती म्हणून सगळं काढलं म्हणे.
तिघं एकदमच वर आले. अंग घासताना कोणी दिसला नाही. अमोनिया तपासायचं किट मागवलंय, संध्याकाळी येईल. ठिपक्यांचं लेक आला की नीट बघून सांगते.

नाना_गिरगाव
हे टाकी धुणारे लोक मेहनती असतात, पण गिऱ्हाइकाला काच चमकलेली हवी असते म्हणून तेही सगळं घासून काढतात. मी आता आमच्या माणसाला सांगूनच ठेवलंय: पाणी एक तृतीयांश काढायचं, स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळायचा, खड्यांना हात लावायचा नाही.

तळ्यातला
ताई, आता चित्र बरंच स्पष्ट झालं. सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार घरोघरी घडतो.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतात. तो त्यांना विषारी असतो. स्पंजमध्ये आणि खड्यांवर जिवाणूंचा थर असतो, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हा थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे तो होता. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज आणि खडे दोन्ही धुतल्यावर त्यातले बरेच जिवाणू मेले असणार. म्हणजे टाकी जुनी दिसत असली तरी आतून पुन्हा नवी झाली. त्यातून क्लोरीन तसाच राहिला असेल तर तो थेट कल्ले भाजतो.

आत्ता करायचं ते असं. दाणे बंद, दोन-तीन दिवस. गोल्डफिशला काही होत नाही. हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा) पूर्ण जोरात सोडा. बादलीत पाणी घेऊन त्यात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट घाला. मत्स्यालयाच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते बहुतेक हेच. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तेच रसायन. बादलीचं आणि टाकीचं पाणी हाताला सारखंच लागलं पाहिजे. मग टाकीचं निम्मं पाणी बदला. उद्या पुन्हा एक तृतीयांश ते निम्मं. किट आलं की आकडा इथे टाका, सोबत पीएचही तपासा. पीएच ७चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे नुसत्या अमोनियाच्या आकड्यावरून धोका कळत नाही.

पोपटी
हायपो नसेल तर पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं तरी चालतं ना?

तळ्यातला
साध्या क्लोरीनला चालतं, त्यात हवेचा दगड सोडला तर आणखी लवकर उडतो. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असेल तर नुसतं ठेवून उडत नाही. आणि पावसाळ्यात पालिका क्लोरीनची मात्रा वाढवते, तेव्हा नळ सोडल्यावर वास आला तरी समजावं.

खाडीकाठ
मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता कोळंबीच्या कामात आहे. तळ्यातला यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. कल्ल्यांबद्दल भर घालतो. जमलं तर ओल्या हाताने मासा हळूच धरून कल्ल्याचं झाकण क्षणभर उचलून पाहा. निरोगी कल्ला ताजा लाल असतो. फिका पडला असेल किंवा त्यावर चिकट थर असेल तर भाजलेला किंवा परजीवीने भरलेला. तपकिरी झाला असेल तर नायट्राइट: त्याने रक्तच तपकिरी होतं आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो तो म्हणूनच.

व्हाइट स्पॉटचंही सांगतो, कारण औषध कसं चालतं ते त्याशिवाय कळत नाही. हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली शिरून वाढतो. रवा भुरभुरावा तसे ठिपके दिसतात ते तेव्हाचे. त्या अवस्थेत कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोसला की तो माशावरून गळून तळाशी चिकटतो आणि फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात. ती पोहत मासा शोधतात, दोनेक दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध आणि मीठ मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की औषध बंद केलं आणि आठवड्याने पुन्हा आले अशा तक्रारी येतात. ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार चालू ठेवावे लागतात. तापमान वाढवायचं कारणही तेच, चक्र भरभर फिरतं. थंड पाण्यात हेच चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं.

निवांत
हे माहीत नव्हतं. धन्यवाद खाडीकाठ. वाचनखूण साठवली.

संध्या_सोलापूर
विषय थोडा बदलतेय, माफ करा. माझ्या फायटर (बेटा) माशाच्या तोंडाभोवती पांढरा कापसासारखा पुंजका आलाय. दुकानात बुरशी म्हणाले. हीटर वाढवलाय कालपासून, पण जास्तच पसरतंय.

खाडीकाठ
ताई, हीटर आधी कमी करा, २४-२५ वर आणा. तोंडाभोवतीचा पांढरा थर बहुतेक वेळा बुरशी नसून कॉल्युम्नारिस नावाच्या जिवाणूचा असतो. तो उष्णतेत फोफावतो, म्हणूनच कालपासून वाढलाय. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या त्वचेवर येते, तिचे तंतू लांब, मोकळे, पाण्यात हलणारे असतात. कॉल्युम्नारिसचा थर आखूड, पिवळट-राखाडी, कडा लालसर, कधी पाठीवर खोगिरासारखा पट्टा. व्हाइट स्पॉटला गरम आणि याला थंड, म्हणजे ओळख चुकली तर उपचारच मारतो. फायटर वेगळ्या भांड्यात घ्या, पाणी रोज बदला, फोटो टाका.

कोथरूडकर_अ
संध्याताई, घरात टेट्रासायक्लीनची कॅप्सूल असेल तर फोडून टाका, मी केलंय.

लीड्सची_मेघा
कृपया हे करू नका. इथे ब्रिटनमध्ये अँटिबायोटिक पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, आणि सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. आता पटतं. कॅप्सूल पाण्यात टाकली की फिल्टरचे जिवाणूही मरतात. जड पाण्यात टेट्रासायक्लीन कॅल्शियमला बांधलं जातं, माशाला मिळतच नाही. सोलापूरचं बोअरचं पाणी जडच असणार ना? वर अर्धवट डोस दिल्याने औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात ते वेगळंच.

कोथरूडकर_अ
माझा मासा तर वाचला होता. पण जड पाण्याचा मुद्दा मान्य.

संध्या_सोलापूर
हो, बोअरचंच आहे. हीटर बंद केला. फायटर बरणीत घेतलाय, फोटो संध्याकाळी टाकते.

मृण्मयी_ठाणे
किट आलं. किटच्या रंगपट्टीवर अमोनिया २ आणि ४ पीपीएमच्या मधला गडद हिरवा. पीएच ७.८ च्या आसपास. कालच्या निम्म्या पाणी बदलानंतरचा हा आकडा आहे! आज पुन्हा निम्मं बदललं. दोघं जरा खाली उतरलेत, काळा अजून वरच आहे.

आता ठिपके. लेकाने टॉर्च बाजूने धरून पाहिले. केशरी माशाच्या दोन्ही कल्ल्यांच्या झाकणांवर आहेत, आणि कल्ल्यामागच्या दोन परांच्या पुढच्या जाड काडीवर एका रांगेत. शेपटीवर, पोटावर, पाठीवर एकही नाही. त्याने काढलेला फोटो जोडलाय.

तळ्यातला
ताई, तुमच्या लेकाचं निरीक्षण अव्वल आहे. हा व्हाइट स्पॉट नाही. तुमचा केशरी ओरांडा नर आहे आणि वयात आलाय.

नर गोल्डफिशला प्रजननाच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर बारीक टणक पांढरे दाणे येतात. ते असे रांगेत, दोन्ही बाजूंना सारखे असतात, रातोरात अंगभर पसरत नाहीत. हंगाम संपला की आपोआप जातात, काहींना कायमचे राहतात. गेल्या काही दिवसांत तो दुसऱ्यांच्या मागे लागत होता का?

मृण्मयी_ठाणे
हो!! पांढऱ्या माशाच्या मागेमागे सारखा. आम्हाला वाटायचं भांडतायत.

नाना_गिरगाव
अभिनंदन! म्हणजे पांढरी मादी आहे. दुकानदाराने नवरदेवालाच निळं औषध पाजलं असतं.

पोपटी
हाहाहा नाना. ताई, बारशाला बोलवा.

खाडीकाठ
फोटो पाहिला, शंका नाही. त्या बाटलीबद्दल: निळं म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. ते अंड्यांवरच्या बुरशीला, बाहेरच्या जखमांना चांगलं, पण वेगळ्या भांड्यात. मोठ्या टाकीत घातलं तर उरलेसुरले जिवाणूही जातात आणि काचेच्या जोडांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. हिरवट निळं असेल तर मॅलाकाइट ग्रीन असू शकतं, ते हातमोजे घालूनच हाताळावं. खाण्याच्या माशांसाठी त्याला अनेक देशांत बंदी आहे. नाव नसलेली बाटली आणि दुप्पट डोस, दोन्ही नकोच.

डोस कुठलाही असो, आधी पाणी मोजा. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे सुमारे ५६ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५च्या आसपास उरतं. लोक डोळ्यांच्या अंदाजाने शंभर लिटरचा डोस घालतात. आणि फिल्टरमध्ये कोळसा असेल तर औषध चालू असताना काढून ठेवावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

मुलुंडचा_बंड्या
मृण्मयीताई, मी मुलुंडला राहतो. माझ्या टाकीचा मोठा स्पंज फिल्टर बरीच वर्षं चालू आहे, मासे निरोगी आहेत, नवा मासा बऱ्याच महिन्यांत आणलेला नाही. अर्धा स्पंज कापून देतो. टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यात आणायचा, सुकू द्यायचा नाही, दोनेक तासांत तुमच्या फिल्टरमध्ये गेला पाहिजे. निरोप करा.

मृण्मयी_ठाणे
केलाय. काय बोलू, खरंच.

विदर्भकन्या
बंड्या, जियो.

निवांत
मग मीठ घालायचं की नाही? ते राहिलंच. आणि आयोडीनचं मीठ घातलं तर मासे मरतात म्हणतात.

लीड्सची_मेघा
आयोडीनचा बाऊ नको. मिठात ते इतकं कमी असतं की लिटरला एक ग्रॅम मिठाने काही होत नाही. खडे मीठ मिळालं तर उत्तम, नसेल तर साधंही चालेल.

तळ्यातला
मी मिठाचा सरसकट वापर करत नाही. व्हाइट स्पॉटला लिटरला दोन-तीन ग्रॅम, तेही एकदम न घालता एकदोन दिवसांत वाढवत नेतात. पण टाकीत जिवंत वनस्पती असतील तर त्या कुजतात, लोच आणि कोरिडोरससारख्या खवले नसलेल्या किंवा वेगळं कवच असलेल्या माशांना जपावं लागतं. अमोनियावर मिठाचा उपयोग नाही. नायट्राइटवर मात्र आहे: मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. ताईंच्या टाकीत अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढेल, तेव्हा लिटरला एक ग्रॅम पुरे. ४५ लिटरला ४५ ग्रॅम. मगात विरघळवून हळूहळू ओता, आणि नंतर जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घाला. पाणी उडालं म्हणून वरून भर घालताना मीठ घालायचं नाही, मीठ उडत नाही.

नाना_गिरगाव
एक वेगळं. हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नका. मासा काही काळ खंगत असेल, पाठ वाकली असेल, अंगावर बऱ्या न होणाऱ्या जखमा असतील तर तो माशांचा क्षय असू शकतो आणि त्याचे जिवाणू आपल्या त्वचेत शिरतात. माझ्या मेहुण्याच्या बोटाला गाठ आली होती, डॉक्टरांना मासे पाळतो हे सांगितलंच नाही, त्यामुळे निदानाला फार वेळ लागला. जखम भरत नसेल तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगा.

संध्या_सोलापूर
फोटो टाकला होता तो पाहून खाडीकाठ यांनी कॉल्युम्नारिसच असं सांगितलं. इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, त्यांनी मासे पाहत नाही सांगितलं, पण एका तरुण डॉक्टरांनी फोटो बघून औषध लिहून दिलं. पुंजका वाढायचा थांबलाय. खातोय.

माझी जुनी काळी मॉली मात्र फुगलीय, खवले सगळे उभे राहिलेत, वरून पाहिलं की बाहेर आलेले दिसतात. तिचं काय करू?

खाडीकाठ
खवले असे उभे राहिले म्हणजे मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात पाणी साठतंय. जलोदरच. हा रोगापेक्षा शेवटचं लक्षण असतो. वेगळ्या भांड्यात घेऊन एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे) देता येतं, सूज थोडी उतरते, पण या टप्प्यावरून फार कमी मासे परततात. तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही.

संध्या_सोलापूर
तिला फार त्रास होतोय. मासे फ्रीजरमध्ये ठेवावेत म्हणतात, माझ्याने होणार नाही.

लीड्सची_मेघा
फ्रीजर नको संध्याताई, त्यात तिचे हाल होतील. संडासात तर मुळीच नको. लवंगेचं तेल घ्या, औषधाच्या दुकानात मिळतं. छोट्या बाटलीत टाकीचंच कोमट पाणी घेऊन त्यात काही थेंब टाकून पांढरं होईपर्यंत हलवा आणि तिच्या भांड्यात हळूहळू ओता. ती आधी शांत होऊन आडवी होईल. मग लिटरला दहाएक थेंब होतील इतकं आणखी तसंच हलवून घाला. कल्ले हलायचे थांबल्यावरही अर्धा तास तसंच राहू द्या. मी दोनदा केलंय. घाई नसते त्यात.

संध्या_सोलापूर
धन्यवाद मेघा. आज रात्री करते. भाऊ येतोय सोबतीला.

मृण्मयी_ठाणे
आमचा काळा आज सकाळी गेला. त्याचे कल्ले फिके पडले होते, खाडीकाठ म्हणाले तसे. लेक रडला, मग त्यानेच कुंडीत पुरला. बाकी दोघं खाली पोहतायत आणि आज भिजवलेले दोन-दोन दाणे खाल्ले. बंड्यांचा स्पंज लावल्यापासून अमोनिया ०.५ वर आलाय, नायट्राइट १ दाखवतंय. मीठ घातलं, ४५ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. टाकी धुणाऱ्या दादांनाही फोन केला. ते म्हणाले, त्यांना कोणी हे कधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी मी घरी असतानाच येतील.

तळ्यातला
वाईट वाटलं. कल्ले एवढे भाजले की पाणी सुधारूनही काही मासे हाती लागत नाहीत. नायट्राइट १ म्हणजे गाडी रुळावर येतेय. रोज एक तृतीयांश बदल चालू ठेवा, दाणे एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपतील एवढेच. दोन्ही आकडे शून्य आल्यावर आठवडाभर शून्यच राहिले की मगच रोजचं खाणं. आणि तोवर तिसरा मासा आणू नका. नंतर आणलात तर आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब आणि छोटा स्पंज फिल्टर पुरतो. दुकानात मासे एकाच पाण्यात फिरत असतात, रोग तिथूनच येतात.

पोपटी
दोन फुटी टाकीत तीन ओरांडा तसेही जास्तच होत होते ना?

तळ्यातला
हो. दोनसुद्धा मोठे झाल्यावर अडचणीतच राहतील. गोल्डफिश फार घाण करतात. ताई, जमलं तर तीन फुटी बघा.

मृण्मयी_ठाणे
जमेल. पण आमच्या हॉलमधल्या लाकडी कपाटावर तीन फुटी राहील का?

मुलुंडचा_बंड्या
नाही राहणार. तीन बाय दीड बाय दीड धरलं तर पाणीच १९० किलो, वर काच आणि खडे. लोखंडी स्टँडच घ्या, भिंतीलगत ठेवा, आणि काचेखाली थर्माकोलची शीट विसरू नका. वेल्डिंगवाला माझ्या ओळखीचा आहे, माप कळवा.